पोरक्या पिल्लांचा इतिहास

पहिलं पिल्लू मेलं तेव्हा मी सकाळच्या स्टँड-अप कॉलवर होतो. "काल काय केलं, आज काय करणार" हे सांगून म्यूट झालो आणि खिडकीतून मागच्या अंगणात बघितलं, तर तांबडी एका गुलाबी गोळ्याच्या डोक्यात चोच मारत होती. रागानं नाही. दाणे टिपावेत तशी, अगदी शांतपणे. मी चपला न घालता धावलो. पोचेपर्यंत उशीर झाला होता.

आजी ओट्यावर बसली होती. तिचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे उठता आलं नाही. मला वाटलं ती तांबडीला शिव्या देईल. ती मला म्हणाली, "दिवसाउजेडी सोडलंस ना? आणि ती खुडूक आहे का, ते तरी बघितलंस?"

मी इंजिनिअरिंग केलंय. सहा वर्षं कोड लिहितोय. 'खुडूक' हा शब्द मला माहीत होता, पण तो एक विनोदी शब्द म्हणून. कुणी तोंड पाडून कोपऱ्यात बसलं की "काय खुडूक कोंबडीसारखा बसलायस" असं म्हणतात, तेवढाच. त्या शब्दात एक अख्खी व्यवस्था दडलेली आहे, आणि ती मोडून फार तर दीडशे वर्षं झालीत, हे पुढच्या चार महिन्यांत कळत गेलं. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी तांबडीबद्दल. आजीचं गाव सिन्नर तालुक्यात. तिच्याकडे कायम दहा-पंधरा गावठी कोंबड्या असायच्या. गेल्या पावसाळ्यात गावात मानमोडी आली आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं, फक्त तांबडी वाचली. त्यानंतर दोनच महिन्यांनी आजी अंगणात घसरून पडली. बाबांनी तिला इंदिरानगरला, आमच्या रो-हाऊसमध्ये आणलं. ती एका अटीवर आली. अट डालग्यात बसून आली, पिवळ्या पायांची, आणि वडाळा-पाथर्डी रस्त्यावरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला ओरडत.

कोंबडी एकटी राहू शकत नाही असं आजीचं म्हणणं. तांबडीनं अंडी देणं थांबवलं होतं, दिवसभर ती कुंपणाच्या जाळीला चिकटून उभी राहायची. तेवढ्यात माझा भाचा बुधवारच्या बाजारातून, गोदाकाठावरून, पाच पिल्लं घेऊन आला. दोन गुलाबी, दोन हिरवी, एक निळं. मला वाटलं, प्रश्न सुटला. कोंबडी आहे, पिल्लं आहेत, निसर्ग बघून घेईल.

ही रंगीत पिल्लं तुम्हीही पाहिली असतील. जत्रेत, शाळेच्या गेटबाहेर, आठवडे बाजारात पुठ्ठ्याच्या खोक्यात चिवचिवणारी. ती इतकी स्वस्त का असतात, हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही. उत्तर असं की ती सगळी नर असतात, आणि अशा जातीचे नर असतात ज्यांचा कुणालाच उपयोग नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या पांढऱ्या लेगहॉर्न वाणाची कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, पण तिचा भाऊ अंडी देत नाही आणि मांसही पटकन धरत नाही. त्यामुळे हॅचरीत पिल्लं जन्मली की पहिल्याच दिवशी माद्या एका ट्रेमध्ये आणि नर दुसऱ्या. एका दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखणं वरवर बघून अशक्य असतं. ती युक्ती १९२०च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी शोधली. पिल्लाचं गुदद्वार हलकेच उघडून आतला मोहरीहून लहान उंचवटा बघायचा. हे काम करणारे तरबेज लोक पुढे जपानमधून जगभर गेले. दुसऱ्या ट्रेचं काय होतं, ते देशोदेशी वेगळं. आपल्याकडे त्यातली काही पिल्लं रंगाच्या पाण्यातून निघून बाजारात येतात.

म्हणजे भाच्यानं आणलेल्या पाचांपैकी एकानंही आई पाहिली नव्हती. आणि त्यांच्या आईनंही तिची आई पाहिली नव्हती. मागे किती पिढ्या जायचं, ते मोजत बसलो तर बराच वेळ लागतो.

मुळात कोंबडीचं पिल्लू आईशिवाय जगू शकतं, हेच थोडं विचित्र आहे. त्याचं कारण सुंदर आहे. कोंबडी एका दिवशी एकच अंडं देते. दहा-बारा अंडी व्हायला पंधरवडा लागतो. ती सगळी साठेपर्यंत ती त्यांच्यावर बसत नाही, आणि एकदा बसली की एकवीस दिवस जेमतेम पाणी-दाण्यापुरती उठते. त्यामुळे पहिलं आणि शेवटचं अंडं साधारण एकाच वेळी फुटतं. साधारण. कुणी एक दिवस आधी, कुणी एक दिवस उशिरा. आधी निघालेल्यानं काय करायचं? तर अंड्यातला उरलेला पिवळा बलक पिल्लू बाहेर येण्याआधी पोटात ओढून घेतं. ही शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. तेवढ्या वेळात मागून येणारी भावंडं बाहेर पडतात आणि मग आई सगळ्यांना घेऊन घरट्यातून उठते.

मागे राहिलेल्यांसाठी थांबता यावं म्हणून असलेली ही दोन-तीन दिवसांची मुभा. माणसानं ती हेरली आणि तिच्यावर अख्खा धंदा उभा केला. अन्नपाण्याशिवाय दोन दिवस जगणारी वस्तू खोक्यात घालून कुठंही पाठवता येते. अमेरिकेच्या टपाल खात्यानं १९१८ साली एक दिवसाची पिल्लं पार्सलनं न्यायला सुरुवात केली. आज आपल्याकडे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून एसटीच्या टपावरून, रेल्वेनं, विमानानं जी पिल्लं जातात, ती सगळी त्या बलकाच्या जोरावर. भावंडांची वाट बघण्याचा वेळ म्हणजे आता ट्रान्झिट टाइम.

यंत्रानं अंडी उबवण्याचा प्रकार मात्र जुना आहे. इजिप्तमध्ये विटा-मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवायचे. तिथले लोक उकिरड्याच्या उबेत अंडी पुरून पिल्लं काढतात, असं ॲरिस्टॉटलनंही नोंदवून ठेवलंय. त्या भट्ट्यांवर तापमापक नसायचा. कामगार अंडं उचलून बंद पापणीला लावायचा आणि ठरवायचा, शेणाची आग वाढवायची की कमी करायची. ही विद्या घराण्यातच राहायची. अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर याला तिचा ध्यास लागला. ज्याच्या नावाची तापमानाची पट्टी आहे, तोच हा. १७४९ साली त्यानं कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला. जे पापणीला कळतं ते आकड्यात पकडायचं, असा त्याचा प्रयत्न होता.

रेओम्युरबद्दल वाचताना मला ओशाळल्यासारखं झालं, कारण मी नेमकं तेच करत बसलो होतो. उरलेली चार पिल्लं टीव्हीच्या खोक्यात होती. नोव्हेंबर संपत आलेला, निफाडचा पारा बातम्यांत यायला लागलेला, आणि नाशिकची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. पुस्तकी नियम असा की पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. या ऊब देणाऱ्या सोयीला इंग्रजीत ब्रूडर म्हणतात आणि आपल्या पशुसंवर्धन खात्याच्या पत्रकांत तिचं नाव आहे 'कृत्रिम दाई'. हे नाव ज्यानं दिलं त्याला नमस्कार. तर माझी कृत्रिम दाई म्हणजे एक बल्ब. इंदिरानगरात चार दुकानं फिरलो तेव्हा तारेचा जुना साठ वॅटचा बल्ब मिळाला, कारण एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. मग मी तिला सेन्सर लावला, दर मिनिटाला तापमान फोनवर, छान आलेख. आजी खोक्यात एकदाच डोकावली. "गार पडलीत," म्हणाली. आलेख ३४ दाखवत होता. "एकावर एक चढलीत बघ. ऊब पुरेशी असली तर पांगून झोपतात. फार झाली तर कडेला पळतात, चोच उघडी." सेन्सर बल्बच्या अगदी खाली बसवला होता, पिल्लं होती एक वीत लांब. त्या रात्री निळं पिल्लू गेलं. उरली तीन.

मग मी वाचायला लागलो. रात्री डिप्लॉयमेंट चालू असताना शेजारच्या टॅबमध्ये कोंबड्या.

तांबडीनं पिल्लाला का मारलं, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. पहिलं रसायनाचं. अंडी साठली, ऋतू जमला की गावठी कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. ती अंडी देणं थांबवते, घरट्यावर पसरून बसते, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते. हीच खुडूक. या अवस्थेत तिच्या पोटाखाली काय आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. दुसऱ्या कोंबडीची अंडी, बदकाची अंडी, काहीही चालतं. पिल्लं फुटायच्या आधी एक-दोन दिवस ती अंड्यांशी बोलते आणि आतून उत्तर येतं. मग पिल्लं तिची होतात आणि ती घारीवरही धावून जाते. पण तीच कोंबडी खुडूक नसेल, तर समोर आलेलं पिल्लू म्हणजे फक्त एक अनोळखी पक्षी. लहान, आणि तिच्या हद्दीत शिरलेला.

पिल्लाच्या बाजूनं बघितलं तर गोष्ट आणखी वाईट आहे. १८७३ साली डग्लस स्पॉल्डिंग नावाच्या एका इंग्रजी गृहस्थानं लिहिलं की नुकतं जन्मलेलं पिल्लू डोळ्यांसमोर जे पहिल्यांदा हलेल त्याच्या मागे जातं. त्यानं पिल्लांच्या डोळ्यांवर टोप्या घालून, त्या दोन-तीन दिवसांनी काढून प्रयोग केले. कॉनराड लॉरेंट्झ आणि त्याची बदकं पुढे प्रसिद्ध झाली, पण साठ वर्षं आधी हे काम झालेलं होतं. हा स्पॉल्डिंग बर्ट्रांड रसेलच्या घरी त्याच्या थोरल्या भावाला शिकवायला होता. असो. मुद्दा असा की माझी गुलाबी-हिरवी पिल्लं भाच्याच्या बुटांमागे पळायची. तांबडीकडे ती आई म्हणून गेलीच नव्हती. ती फक्त तिच्या वाटेत आली.

दुसरं उत्तर एका नॉर्वेच्या माणसाचं. थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे, जन्म १८९४. हा लहानपणापासून घरच्या कोंबड्या बघायचा, प्रत्येकीला ओळखायचा आणि वहीत लिहायचा, आज कुणी कुणाला टोचलं. मोठेपणी त्यातूनच त्याचं संशोधन झालं आणि १९२२ साली जर्मन भाषेत छापून आलं. त्याचं म्हणणं : कळपातल्या कुठल्याही दोन कोंबड्या घ्या, त्यांच्यात ठरलेलं असतं की कोण टोचणार आणि कोण सरकणार. असं करत सगळ्यांची एक उतरंड लागते. इंग्रजीतला 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द ऑफिसात आपण सर्रास वापरतो, तो या वहीतून आलेला आहे. मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे ही उतरंड नेहमी सरळ नसते, हेही त्यानं पाहिलं. अ ब-ला टोचते, ब क-ला टोचते, आणि क परत अ-ला. ज्यांनी सर्क्युलर डिपेंडन्सी सोडवण्यात शुक्रवारची रात्र घालवली आहे, त्यांना नॉर्वेतल्या त्या मुलाबद्दल ममत्व वाटेल.

उतरंड एकदा लागली की भांडणं कमी होतात, हे खरं. पण नवीन पक्षी आला की प्रत्येकीशी त्याचा हिशोब नव्यानं व्हावा लागतो. काही आठवडे बाहेर राहून परत आलेल्या जुन्या कोंबडीचाही होतो. मग माझ्या डोक्यात प्रश्न आला की गावातल्या खुराड्यात हे कसं निभायचं? आजीच्या अंगणात दर वर्षी वीस-तीस पिल्लं वाढायची, तिथं तर कुणी जाळ्या लावल्या नव्हत्या.

आजीला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "आई असते ना बरोबर."

एवढंच. जंगलातही तसंच. पिल्लांची आई दोन-अडीच महिने त्यांना घेऊन फिरते. त्या काळात ती एरवीपेक्षा जास्त आक्रमक असते, वरच्या कोंबड्याही तिला वाट देतात. पिल्लं तिच्या पायांत वावरत सगळा कळप बघतात, कुणाजवळ जायचं, कुणाजवळ नाही, हे शिकतात, आणि कळपालाही त्यांची सवय होते. आई त्यांना सोडून पुन्हा अंड्यावर येते तोवर ती पळण्याइतकी मोठी झालेली असतात. ओळख करून देणं असा वेगळा समारंभ नसतोच. माणसानं कोंबडी माणसाळवली तेव्हापासून, म्हणजे आग्नेय आशियात भातशेतीच्या आसपास निदान तीन हजार वर्षांपूर्वीपासून, बहुतेक ठिकाणी हेच चालू होतं. (तांबडीचे पाय पिवळे आहेत, असं वर म्हटलं. त्यात आपलाही वाटा आहे. डार्विनच्या मते पाळीव कोंबडीचा पूर्वज एकच, लाल रानकोंबडा. स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की पिवळ्या कातडीचं जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आलंय. हा पक्षी भारताबाहेर रानात सापडत नाही आणि आपल्या सह्याद्रीत आरवतो.)

'वयस्क कोंबडीजवळ नवी पिल्लं कशी सोडावीत' हा प्रश्न पडायला आधी आई काढून घ्यावी लागते. ती आपल्याकडे कशी काढली गेली, त्याचा इतिहास ताजा आहे. खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस उबवण्यात आणि पुढचे दोन महिने पिल्लांत घालवते. तेवढा काळ अंडी बंद. म्हणून गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंड्यांवर थांबते. लेगहॉर्नमधून पिढ्यान् पिढ्या निवड करून खुडूक बसणंच जवळपास काढून टाकलं, तेव्हा अंड्यांचा आकडा वर गेला. म्हणजे तीनशे अंडी देणारी कोंबडी ही आई न होणारी कोंबडी आहे. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुणे तिचं केंद्र झालं. १९८२ साली अंडी उत्पादकांची एनईसीसी उभी राहिली, जिची 'संडे हो या मंडे'ची जाहिरात आपल्या आईबाबांना तोंडपाठ आहे. मी या सगळ्याला नावं ठेवणार नाही. माझ्या पिढीला शाळेच्या डब्यात अंडं मिळालं ते त्यामुळे, आणि दिंडोरी-सिन्नरकडे जाताना रस्त्याच्या कडेला ज्या लांबलचक शेड दिसतात, त्यांवर अनेक घरं चालतात.

पण सरकारनं गावातल्या परसात सुधारित कोंबडी न्यायची ठरवली तेव्हा हा आईचा प्रश्न परत आला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादची वनराजा, या जाती दिसायला गावठीसारख्या, अंडी गावठीच्या दुप्पट-तिप्पट. त्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून गावातल्या बायकांनी काय केलं, तर गिरिराजची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवली. आजीनंही ठेवली होती. टोपलीत भुसा, त्यात एक लोखंडी खिळा, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. "पोरं आईपेक्षा मोठी झाली तरी तिच्या पंखाखाली घुसायची," ती सांगते, "ती बिचारी उभीच राहायची मग."

सरकारच्या योजनेतही हा शहाणपणा एका आकड्यात लपलेला आहे. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूरला आहेत. लाभार्थ्याला दोन प्रकारे पक्षी मिळतात : एक दिवसाची शंभर पिल्लं, नाहीतर आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर. तलंग म्हणजे वयात येऊ घातलेली कोंबडी. आठ ते दहाच आठवडे का? कारण हे तेच वय, ज्या वयात आई पिल्लांना सोडते. अंगावर पिसं आलेली, बल्बची गरज संपलेली, आणि म्हाताऱ्या कोंबडीनं टोच मारली तर मरणार नाहीत, पळतील.

तर मीही आठ आठवडे थांबायचं ठरवलं.

थांबण्याचं आणखी एक कारण होतं. मानमोडीचं शास्त्रीय नाव रानीखेत. १९२६ साली हा रोग जावामध्ये आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला सापडला, पाठोपाठ आपल्याकडे कुमाऊँमधल्या रानीखेतला. इंग्रजांनी आपल्या गावाचं नाव दिलं, आपण आपल्या. १९४०च्या दशकात मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत त्यावर लस तयार झाली, आजही ती वापरात आहे. तांबडी मानमोडीच्या घरातून आलेली, पिल्लं बाजारातून. कोण कुणाला काय देईल सांगता येत नव्हतं. म्हणून पिल्लांना डोळ्यात लशीचा थेंब, आणि दोन्हींची भांडी वेगळी. ज्यांना हे अति वाटेल त्यांनी फेब्रुवारी २००६ आठवावा. देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला निघाला आणि लाखो पक्षी मारले गेले. शेडमधले तर गेलेच, परसातलेही गेले. मी तेव्हा तिसरीत होतो. आमच्याकडे कित्येक आठवडे अंडं शिजलं नाही. आणि २०२० मध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली तेव्हा भाव इतका पडला की पोल्ट्रीवाल्यांनी पिल्लं जिवंत गाडली. तेव्हा मी नुकताच घरून काम करायला लागलो होतो, फोनवर ते व्हिडिओ बघून पुढे सरकवले होते.

डिसेंबरात अंगणात जाळी लावून दोन भाग केले. अलीकडे तांबडी, पलीकडे तीन पिल्लं, ज्यांचा रंग उडून खाली पांढरी पिसं येत होती. पहिले दोन दिवस तांबडी जाळीवर चोच आपटायची. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळली. दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना शेजारी-शेजारी टाकायचे, ही आजीची युक्ती. मी एक गोष्ट वाचून केली : अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम खूप असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. म्हणून सगळ्यांना पिल्लांचंच खाद्य, आणि तांबडीसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. हे आजीला नवीन होतं. तिनं दोन वेळा विचारून घेतलं, मला उगाच बरं वाटलं.

संक्रांतीनंतर एका रात्री जाळी काढली. रात्री, कारण अंधारात कोंबडीला दिसत नाही आणि ती भांडत नाही. तिघांना उचलून तिच्या शेजारी दांडीवर बसवलं. सकाळी सहाला आजी माझ्या आधी ओट्यावर. तांबडी उतरली, एकाला टोचलं, दुसऱ्याला टोचलं, तिसरं आधीच विटांमागे लपलं होतं. पाण्याची भांडी तीन ठेवली होती, लपायला विटा, एक उलटं खोकं. मी रक्ताची वाट बघत बसलो, ऑफिसला 'तब्येत बरी नाही' असा मेसेज टाकून. रक्त आलं नाही. आठवडाभर टोचाटोच चालली आणि मग ती थांबल्याचं माझ्या लक्षातही दोन दिवस उशिरा आलं.

"मलाही इथं आणून सोडलंच की," आजी मधेच म्हणाली. मी काही बोललो नाही. कॉलनीतल्या बायकांची भिशी असते, आईनं तिला दोनदा नेलं होतं. तिसऱ्यांदा ती गेली नव्हती.

फेब्रुवारीत तिन्ही आरवायला लागले. पहाटे चारला. आधी एक, घसा बसल्यासारखं, मग तिघं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण लिहिणाऱ्यानं रो-हाऊसमध्ये कोंबडं झाकून बघितलं नसणार. मी गोधडीसुद्धा टाकून पाहिली. शेजारचे काका तीन दिवस गप्प राहिले, चौथ्या दिवशी भेटून अत्यंत सभ्यपणे बोलले, त्याचा जास्त त्रास झाला. रविवारी तिघांना डालग्यात घालून आजीच्या गावी, चुलतमामांच्या वस्तीवर सोडून आलो. त्यांचं पुढे काय होणार हे मला माहीत आहे. भाच्याला सांगितलेलं नाही.

तांबडी परत जाळीजवळ उभी राहायला लागली. आणि मग रंगपंचमीच्या सुमारास, जुन्या नाशकात रहाडी उघडल्या त्याच आठवड्यात, ती उठेना. खुराड्याच्या कोपऱ्यात पसरून बसलेली. मी हात नेला तर पिसं फुलवून गुरगुरली. मी घाबरून डॉक्टरांचा नंबर शोधायला लागलो. आजी हसली. तिला इंदिरानगरला आल्यापासून मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

तिच्याखाली कोंबड्याची अंडी नव्हती, म्हणून मी टेबल टेनिसचे सहा चेंडू ठेवले. ती त्यांवर एकोणीस दिवस बसली. पोटाखालून चेंडू सरकला की चोचीनं आत ओढून घ्यायची. विसाव्या दिवशी गावठी पिल्लं मिळाली, आदल्याच दिवशी फुटलेली, सहा, न रंगवलेली. रात्री अकराला लाइट बंद करून आजी आणि मी मागे गेलो. प्लास्टर निघालं होतं, ती काठी टेकत आली. टॉर्चवर तिनं पदर धरला. मी एक चेंडू काढायचा, तिनं एक पिल्लू मुठीतून पंखाखाली सारायचं. तांबडी गुरगुरली. दुसऱ्या पिल्लाला कमी गुरगुरली. सहावं आत गेलं तेव्हा खालून बारीक चिवचिव आली आणि वरून एक आवाज, जो मी पाच महिन्यांत ऐकला नव्हता. खोल, तुटक, टुक, टुक, टुक.

आजी म्हणाली, "झालं. चल, गार पडलंय."

मी थांबलो थोडा वेळ. सकाळी स्टँड-अपला माइक चालू राहिला आणि कुणीतरी विचारलं, मागे कसला आवाज येतोय.